प्रमोटरला पैसे देण्याआधी 'गाणं किती वाजता लागणार' ते विचारा

तुमच्या बँडचं गाणं अमेरिकेतल्या एफएमवर लावून देतो म्हणून प्रमोटरने पैसे मागितले आणि वर 'हा पेओला नाही, प्रमोशन आहे' असंही ऐकवलं (पेओला म्हणजे गाणं वाजवण्यासाठी स्टेशनला किंवा डीजेला गुपचूप दिलेले पैसे), हे वाचून हसू आलं. आमच्या न्यू जर्सीच्या ग्रुपला अगदी हेच ऐकवलं होतं.

मी वकील नाही, तेव्हा खात्री करून घ्या. पण तिथला कायदा पैसे घ्यायला नाही म्हणत नाही, लपवायला नाही म्हणतो. 'या गाण्याचे पैसे घेतलेत' असं स्टेशनने श्रोत्यांना सांगितलं की झालं. सांगतंय कोण! हा नियम १९६० चा. ज्या पेओला प्रकरणातून तो आला, त्यात रेडिओवरचा गाजलेला डीजे ॲलन फ्रीड याला दंड झाला ३०० डॉलर, पण माणूस कामातून गेला. टीव्हीवर गाण्यांचा कार्यक्रम करणाऱ्या डिक क्लार्कने संगीत कंपन्यांतले हिस्से सोडले आणि तो टीव्हीवर टिकला. धंदा काही थांबला नाही, मध्ये दलाल आला, एवढंच. हा दलाल स्टेशनला 'प्रमोशन'च्या नावाखाली ठोक रक्कम द्यायचा आणि गाणं स्टेशनच्या यादीत शिरलं की रेकॉर्ड कंपनीकडून वसूल करायचा. डीजेच्या हातात पाकीट नाही, त्यामुळे सगळे साळसूद. २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्याचा तेव्हाचा ॲटर्नी जनरल (सरकारी वकील) एलियट स्पिट्झर याने चौकशी लावली तेव्हा सोनी बीएमजी या रेकॉर्ड कंपनीने १ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. श्रोते असल्याचं भासवून फर्माइशीचे फोन करायला माणसं लावली होती, हेही त्यातच उघड झालं.

आम्हाला छळलं ते प्रमोटरच्या ऑफिसने. नाव लिहीत नाही. रिपोर्ट छान रंगीत यायचा, पण वेळेच्या रकान्यात नुसतं 'ओव्हीएन'. विचारलं की दर वेळी फोनवर नवीन मुलगी, आणि 'स्टेशनला विचारून कळवते'. कळवलं कधीच नाही. शेवटी एका ओळखीच्या साउंडवाल्याने सांगितलं: ओव्हरनाइट, म्हणजे मध्यरात्रीनंतर. ट्रक ड्रायव्हर सोडून ऐकतंय कोण? पैसे परत मागितले तर म्हणे, 'वाजलं ना?'

माझं मत विचाराल तर देऊ नका. द्यायचेच असतील तर वेळा करारात लिहून घ्या. कॉलेज रेडिओला सीडी किंवा लिंक फुकट पाठवता येते, तिथल्या म्युझिक डायरेक्टरला (म्हणजे संगीतकार नव्हे, स्टेशनसाठी गाणी निवडणारा) दोन ओळींची मेल टाका.

आणि हो, अमेरिकेत एफएमवर वाजलेल्या गाण्याची रॉयल्टी गीतकार-संगीतकाराला मिळते, गायकाला नाही. त्यामुळे प्रमोटर 'रॉयल्टीतून वसूल होईल' म्हणाला, तर गाणं लिहिलंय कोणी ते आधी बघा.