शिक्षा झालेल्या माणसाला इस्टेट एजंट होऊ द्यावं का?

कोर्टात शिक्षा लागलेल्या माणसाला एजंटगिरी करायला कायमची बंदी घालावी का, असं तुम्ही विचारलंय. मी कोल्हापुरात दस्त लिहितो. रोज चार-दोन एजंट समोरच्या खुर्चीत बसून जातात, म्हणून सांगतो: सरसकट बंदी नको. फसवणूक, बनावट कागद, अपहार यात शिक्षा झालेल्याला मात्र काही वर्षं या धंद्याकडं फिरकू देऊ नये.

कळंब्याकडच्या एका प्लॉटची गोष्ट. एजंट कडक इस्त्रीतला, पोलीस ठाण्याची पायरीही न चढलेला. त्यानं एकाच प्लॉटचा विसार, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, दोघांकडून घेतला. दोन्ही पावत्या माझ्या टेबलावर शेजारी-शेजारी आल्या. एकाच वहीची पानं, तोच गट नंबर, तीच सही, तारखेत नऊ दिवसांचा फरक! पैसे ओढाताणीनं परत मिळाले, केस काही झाली नाही. म्हणजे तुमच्या बंदीत हा गडी बसतच नाही. दुसरा एक जण तरुणपणी तालमीच्या भांडणात मारामारीची शिक्षा भोगून आलेला. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असला तर गिऱ्हाइकाला आधी तोच सांगतो. त्याला घरी बसवून कुणाचं भलं होणार?

वकिलांचंच बघा. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर सनद मिळत नाही, पण सुटकेनंतर 2 वर्षांनी ती आडकाठी जाते. ब्रिटनमध्ये 1979 च्या कायद्यानं फसवणूक, अप्रामाणिकपणा किंवा हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या एजंटवर बंदी घालता येते, पण ती आपोआप लागत नाही, त्या माणसाचं प्रकरण बघून आदेश काढतात. मला हे पटतं.

आपल्याकडं रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्प आणि त्यातल्या विक्रीवर नजर ठेवणारा कायदा, त्याच्या कलम 9 खाली एजंटला नोंदणी लागते, आणि महाराष्ट्रात 2023 पासून परीक्षेची अटही आली. खोटी माहिती देऊन नोंदणी घेतली असेल तर ती रद्द होते. पण हे सगळं रेरात नोंदलेल्या प्रकल्पातल्या विक्रीपुरतं. 500 चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे जेमतेम पाच गुंठ्यांच्या जागेवरच्या प्रकल्पाला नोंदणीच लागत नाही. जुन्या फ्लॅटची फेरविक्री, भाड्याच्या खोल्या, शेतजमीन यातल्या मध्यस्थालाही कुणी नंबर विचारत नाही. आमच्याकडची निम्मी भानगड तिथलीच. नोंदणीच नाही, तर बंदी घालणार कुणावर? आधी या सगळ्यांना नोंदणीत आणा, मग शिक्षेचं बोलू.

तोवर एजंटचा महारेरा, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा, नंबर असेल तर तो त्यांच्या साइटवर टाकून बघा. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या साइटवर नावानं केस शोधता येते, पण एकाच नावाची दहा माणसं निघतात, तेव्हा घाईनं कुणाला चोर ठरवू नका. आणि विसाराचा चेक मूळ मालकाच्याच नावानं काढा. कळंब्याच्या त्या दोघांतल्या एकानं एजंटच्या हातात रोख दिली होती, ती परत मिळेपर्यंत दिवाळी उजाडली.