पगार एक, हप्ते चार

प्रश्न : मिस्टरांची नोकरी जाऊन दहा महिने झाले. घर माझ्या पगारावर चालतं, हातात ४२,००० येतात. गृहकर्जाचा हप्ता १४,२०० (बाकी १३ लाख, दर ८.७५ टक्के), पर्सनल लोनचा ९,८०० (बाकी २.६० लाख, १६ टक्के), पतसंस्थेचा ६,००० (बाकी ८०,०००, जामीनदार दीर). क्रेडिट कार्डावर १,१५,००० आहेत, त्याचे दरमहा किमान ५,७५० भरते. किराणाही कार्डावरच. गेल्या महिन्यात किमान रक्कम चुकली तेव्हापासून वसुलीचे फोन येतात. सगळं फेडायला एकच मोठं कर्ज काढू का? की कार्ड सेटल करू, म्हणजे बँकेशी बोलून कमी रकमेत मिटवू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मोठं कर्ज नको. ४२,००० पैकी ३५,७५० हप्त्यांत जात असताना नवं कर्ज देणारा महाग दरानेच देईल, वर प्रोसेसिंग फी आणि जुनं कर्ज मुदतीआधी बंद करण्याचं शुल्क.

खरी गळती कार्डातून आहे. महिना ३.५ टक्के धरले तर १,१५,००० वर व्याज ४,०२५ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ७२५. म्हणजे ५,७५० भरून मुद्दल जेमतेम हजाराने उतरतं आणि किराण्याने ते पुन्हा चढतं. जुनी बाकी असली की बिनव्याजी दिवसही मिळत नाहीत. आज आणलेल्या तेलाच्या डब्यावर आजपासून व्याज. तेव्हा आजच कार्ड वापरणं थांबवा.

घरात पाटल्या-बांगड्या असतील तर बँकेत सोनेतारण करून कार्ड पूर्ण फेडा. १० टक्क्यांनी १,१५,००० दोन वर्षांत फेडायला हप्ता येतो सुमारे ५,३००. हा तुमच्या किमान रकमेपेक्षाही कमी आहे, आणि दोन वर्षांत कर्ज संपतं. मात्र मासिक हप्त्याचंच तारण मागा. वर्षाअखेरीस एकरकमी फेडायचं घेतलं तर ती रक्कम ऐनवेळी उभी राहत नाही आणि दागिने लिलावाला निघतात. कार्ड फेडल्यावर ते बंद करून तसं पत्र घ्या. नाहीतर वर्षभरात दागिने गहाण आणि कार्डावरही पुन्हा उधारी. सोनं नसेल तर कार्डाची बाकी हप्त्यांत बदलून मागा.

गृहकर्ज एकदाही चुकलेलं नाही तोवरच बँकेत लेखी अर्ज द्या, नोकरी गेल्याचा पुरावा जोडा. मुदत साडेबारा वर्षांची अठरा केली तर हप्ता १२,००० च्या आसपास येतो. एकूण व्याज चार लाखांहून जास्त वाढेल, हे मान्य. पण बदलत्या दराच्या गृहकर्जात आधी पैसे भरायला शुल्क नसतं, हात मोकळा झाला की भरता येईल. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए (बँकेच्या लेखी थकीत कर्ज) होतं आणि मग बोलणी बँकेच्या अटींवर. पर्सनल लोन चार वर्षांवर नेलं तर हप्ता सुमारे ७,४००. बँक कबूल होईलच असं नाही, पण मागायला काय जातं?

हे सगळं जमलं तर हातात ६,२५० ऐवजी ११,३०० उरतात. ओढाताणच आहे. पतसंस्थेला मात्र हात लावू नका. ते कर्ज १५ महिन्यांत संपतं आणि ६,००० मोकळे होतात. तिथे थकलं तर वसुली दिरांच्या पगारावर येईल.

एखाद्या महिन्यात पैसे कमी पडले तर आधी गृहकर्ज आणि पतसंस्था, मग पर्सनल लोन, शेवटी कार्ड. बहुतेक घरांत उलटं होतं. जो फोनवर जास्त ओरडतो त्याला आधी पैसे जातात. सगळ्या हप्त्यांच्या तारखाही पगारानंतरच्या करून घ्या. खात्यात पैसे नसताना हप्ता परत गेला की दोन्हीकडून दंड बसतो.

सेटल करणं हा शेवटचा उपाय. क्रेडिट अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो आणि पुढचं कर्ज अडतं. करायचंच झालं तर रक्कम आणि तारीख लिहिलेलं बँकेचं पत्र आधी, पैसे नंतर. थकबाकीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. तारीख-वेळ लिहून बँकेकडे तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

प्रश्न : गल्लीतल्या एकाकडून महिना पाच टक्क्यांनी ४०,००० घेतले. त्याने दोन कोरे चेक ठेवून घेतलेत.

उत्तर : परवान्याशिवाय सावकारी करणं महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार गुन्हा आहे. महिना पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के. शेतकरी नसलेल्यांच्या विनातारण कर्जावर परवानाधारकालाही वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार करा, चेक क्रमांक लिहा आणि पोच घ्या. यापुढे रोख देऊ नका. खात्यातून किंवा यूपीआयने द्या, म्हणजे किती दिले याचा पुरावा तुमच्याकडे राहील.