अमेरिकेत गेल्यावर संशोधन, पॉडकास्ट आणि कम्युनिटीचे काय होते?

सायबर सुरक्षेतील संशोधन, स्वतःचा पॉडकास्ट आणि दरमहा भरणारा सुरक्षा-मेळावा हे सगळे सांभाळणाऱ्या माणसाने अमेरिकन कंपनीची ऑफर स्वीकारली, तर त्यांपैकी काय टिकते, असे आपण विचारले आहे. एच-१बी या अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी, शुल्क आणि मुदती यांची अधिकृत माहिती आपल्याला मिळेलच, त्यामुळे मी त्यात शिरत नाही. मीही हे सगळे करतच इथे आले आणि आपला प्रश्न वाचल्यापासून मला स्वस्थता नाही.

सर्वप्रथम नोकरीचा करार वाचावा. कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्याचे कलम २८७० कर्मचाऱ्याने स्वतःच्या वेळेत आणि स्वतःच्या साधनांवर केलेल्या निर्मितीला संरक्षण देते, परंतु मालकाच्या व्यवसायाशी संबंधित निर्मिती त्यातून वगळते. आता सुरक्षा कंपनीतल्या संशोधकाला रात्री घरी सापडलेली सॉफ्टवेअरमधली कोणती त्रुटी त्या व्यवसायाबाहेरची ठरणार? बग बाउंटीचे, म्हणजे त्रुटी कळवल्याबद्दल कंपन्या देतात त्या बक्षिसाचे, पैसे घेण्याचा विषय तर काढूच नये, कारण वेगळ्या मंजुरीवाचून एच-१बीवर दुसऱ्या कोणासाठीही मोबदला घेऊन काम करता येत नाही. १९८६च्या संगणक गैरवापर कायद्याखाली प्रामाणिक सुरक्षा-संशोधनावर खटला भरू नये, असे धोरण अमेरिकी न्याय विभागाने मे २०२२मध्ये जाहीर केले, पण ते सरकारी वकिलांपुरते आहे. एखाद्या चिडलेल्या कंपनीला दिवाणी दावा लावण्यापासून ते रोखत नाही. नागरिकाला असा दावा मनस्ताप देतो. आपल्यासारख्यांची तर नोकरी गेली की व्हिसाही धोक्यात येतो.

माझ्या पॉडकास्टलाही मोबदल्याचा हाच नियम लागला. वकिलांनी प्रायोजक बंद करायला सांगितले आणि कंपनीच्या विधी विभागाला प्रत्येक भाग आधी ऐकायचा होता. ज्या त्रुटीवर मी ताज्या उत्साहाने बोलले होते, तिच्यावर सगळ्यांचे बोलून झाल्यावर माझा भाग बाहेर पडायचा, आणि त्यात मी जपून बोलत असल्याचे मलाच ऐकू यायचे.

कम्युनिटीबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे. ईबी-१ए या ग्रीन कार्डाच्या वर्गासाठी १० निकषांपैकी किमान ३ पूर्ण करावे लागतात. इतरांच्या कामाचे परीक्षण, मौलिक योगदान, आपल्याविषयी छापून आलेला मजकूर असे ते निकष आहेत. परिषदेसाठी आलेले प्रस्ताव तपासणे हे परीक्षण ठरते आणि मेळावा उभा करणे हे योगदान म्हणून मांडता येते. मेळावा भरवताना मी कधी डोकी मोजली नव्हती. फाईलसाठी मात्र जुनी छायाचित्रे, उपस्थितीचे आकडे आणि आभाराच्या ईमेल शोधून काढल्या. ज्या मुलाला मी त्याचे पहिले व्याख्यान द्यायला आग्रहाने उभे केले होते, तो आता मोठ्या पदावर आहे म्हणून त्याच्याकडेच शिफारसपत्र मागितले. वकिलांच्या मसुद्यावर त्याने आनंदाने सही केली, आणि आमच्या मैत्रीला पुरावा क्रमांक मिळाला. त्यानंतर एखाद्या नवख्याला मदत करताना ही मदत आहे की नोंद, याचा निर्वाळा मला स्वतःला देता येत नाही.

मुलीच्या शाळेच्या अर्जात घरी कोणती भाषा बोलता, असा प्रश्न होता. आम्ही खरे उत्तर लिहिले, आणि अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या मुलीला इंग्रजी शिकणाऱ्यांच्या गटात बसवण्यात आले. यंत्रणा कुठे चुकीचा निष्कर्ष काढते हे शोधण्यावर जिचे पोट चालते, त्या आईला तो शिक्का पुसून घ्यायला अख्खे शालेय वर्ष लागले. हे मी अजून विसरलेले नाही, विसरण्याचा प्रयत्नही करत नाही.

एकटेपणाविषयी विशेष सांगण्यासारखे नाही. काम भरपूर असते. ऑगस्टमध्ये लास व्हेगासला डेफ कॉन या हॅकरांच्या परिषदेला जावे. तिथल्या बिल्ल्यावर नाव नसते आणि कंपनीही नसते, त्यामुळे बोलणे लवकर त्रुटींवर येते.

सही करण्यापूर्वी पॉडकास्ट आणि आधीचे संशोधन करारातून वगळल्याचे लेखी मागून घ्यावे. रुजू झाल्यावर ते कोणी देत नाही. आणि मेळावा आपल्यामागे कोण भरवणार, हे आपल्या प्रश्नात कुठेच आलेले नाही. डोमेन, खाती आणि जागा देणाऱ्यांशी असलेली ओळख दोघा-तिघांच्या हाती सोपवल्याखेरीज विमानाचे तिकीट काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.