वाचकांचे प्रश्न : डबे घेण्याआधी

प्रश्न : पुण्यात धायरीला नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलोय. घरात चौघं. स्वयंपाकघरासाठी २४ एकसारख्या प्लास्टिक डब्यांचा सेट घ्यावा म्हणते. योग्य होईल का?

उत्तर : इतक्यात घेऊ नका. सेटमधले डबे सारखे असतात, सामान सारखं नसतं. एक किलो साखर साधारण सव्वा लिटरच्या डब्यात मावते, तेवढ्याच बेसनाला दोन लिटर लागतात आणि जाडे पोहे अर्ध्या किलोलाच दीड लिटरच्या आसपास जागा अडवतात. मग बेसनाचं उरलेलं पाकीट रबरबँड लावून फडताळात पडून राहतं आणि त्यालाच आधी कीड लागते.

महिन्याच्या यादीतला प्रत्येक जिन्नस किती येतो ते लिहा आणि त्यासमोर लागणारे लिटर मांडा. जुनं थोडं शिल्लक असतानाही नवं पाकीट घरी येतंच, म्हणून डबा जरा मोठाच धरा. डब्यावर माप नसेल तर आतली लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणाकार करा, हजाराने भागा. १० बाय १५ बाय २० चा डबा ३ लिटरचा. फडताळाची आतली खोली मोजताना बिजागरीने अडवलेली जागा वजा करायला विसरू नका. इथेच अर्धा इंच कमी पडतो आणि दार लागत नाही.

गोल डबा चौकोनी जागेत ठेवला की कोपऱ्यांतली २१ टक्के जागा फुकट जाते. म्हणून डाळी-कडधान्यांना चौकोनी घ्या. गूळ, तूप अशा चिकट गोष्टींना मात्र गोलच बरा, कोपऱ्यात काही साचत नाही. हिंग, हळद, गोडा मसाला काचेत किंवा स्टीलमध्ये, कारण प्लास्टिकमध्ये एकदा मुरलेला वास सहसा जात नाही. प्लास्टिकच घ्यायचं तर तळाच्या त्रिकोणातला आकडा पाहा. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ते गरम पाण्याने धुतलेलं चालतं. १ म्हणजे पेट (PET), पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक. कडकडीत पाणी घातलं की ते वाकतं आणि मग झाकण बसत नाही.

तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत सुटे नग मिळतात. आधी एकच आणा. त्यात पेलाभर पाणी ओता, झाकण लावा, सिंकवर उलटा धरून बाजू हलकेच दाबा. थेंब आला तर तो हवाबंद नाही, मग दुकानदार काहीही म्हणो.

प्रश्न : डबे चांगले हवाबंद आहेत, तरी गव्हात टोके आणि रव्यात पोरकिडे होतात. असं का?

उत्तर : कीड बाहेरून शिरत नाही, बहुधा सामानातूनच घरी येते. टोक्याची मादी गव्हाचा दाणा पोखरून आत अंडं घालते आणि भोक बुजवते, त्यामुळे निवडताना काही दिसत नाही. उबदार हवेत महिनाभराने टोका बाहेर पडतो. चवळी, मूग, छोले यांच्यावर मात्र चिकटलेले बारीक पांढरे ठिपके दिसतात, ती भुंगेऱ्याची अंडी. असं कडधान्य दुकानातूनच परत करा.

वर्षाचा गहू भरताना त्याला कडक ऊन दाखवा, पण पूर्ण गार झाल्याशिवाय कोठीत भरू नका. गरम धान्य झाकलं की झाकणाखाली पाणी सुटतं आणि वरचा थर बुरसतो. तांदळाला ऊन नको, दाणा तडकून कणी होते. कडधान्याला किलोमागे चहाचा एक चमचा एरंडेल चोळा. रवा भाजून गार करून भरा, नाहीतर पाकीट न फोडता ४ दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावरही ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर दमट हवेने रव्याच्या गुठळ्या होतात.

जुन्या रव्यावर नवा ओतण्याची सवय मोडा. डबा रिकामा करा, धुवा, झाकणाची रबरी कड काढून खाच पुसा (पीठ आणि अंडी तिथेच दडतात), उन्हात वाळवा, मग भरा. आणि गोदामात वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरातल्या धान्यात कधीही, एकसुद्धा, टाकू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि तो जीवघेणा आहे.

प्रश्न : माळ्यावरच्या झाकणाच्या क्रेटमधल्या गोधड्यांना पावसाळ्यात कुबट वास येतो. पैठण्याही त्यातच ठेवाव्यात का?

उत्तर : गोधड्या किंचित ओलसर असताना बंद झाल्या असणार. मे महिन्यात, पावसाच्या आधी, दोन्ही बाजूंनी वाळवा आणि सावलीत गार करून भरा. सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पाकिटं टाका. क्रेट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, कारण ओल तिथूनच येते. पैठणी तिथे नको. ती धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवा आणि दर २-३ महिन्यांनी घडी बदला. एकाच घडीवर राहिली तर जरीची तार तिथेच तुटते. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका.