फुटबॉल क्लबचा खरा समर्थक कोणाला म्हणावं?

तुम्ही विचारलंय की स्टेडियममध्ये कधी पाऊलही न ठेवता, मॅच टीव्हीवरच बघून कुणी खरा समर्थक होतो का, कारण मित्र 'प्लॅस्टिक फॅन', म्हणजे नकली समर्थक, म्हणून चिडवतात.

होतो की! तिकीट ही काही कसोटी नव्हे. जुने स्कोअर घडाघडा सांगता येणं तर नव्हेच, ती पाठांतराची हौस झाली.

माझी कसोटी साधी आहे. जिंकल्यावर 'आपण जिंकलो' सगळेच म्हणतात. हरल्यावर तोंडातून काय निघतं, 'आपण हरलो' की 'ते हरले'?

मी आर्सेनलवाला. २८ ऑगस्ट २०११ रोजी मँचेस्टर युनायटेडने आम्हाला ८-२ असं धुतलं. दुसऱ्या हाफमध्ये सहा मिनिटांत तीन गोल खाल्ले, तेव्हा रिमोट हातात घेतला होता, पण टीव्ही काही बंद करवेना. ६-१ असताना आमच्या व्हॅन पर्सीने एक गोल फेडला आणि मी चक्क मूठ आवळून उभा राहिलो! घरचे बघतच राहिले. त्या गोलने काय होणार होतं? काही नाही. पुढे आणखी दोन बसले.

अर्थात शेवटपर्यंत बसलाच नाही तो खोटा, असंही मी म्हणणार नाही. १९९९ मध्ये मँचेस्टर सिटी तिसऱ्या श्रेणीत होती. वेम्बलीवर जिलिंगहॅमविरुद्धच्या प्लेऑफ फायनलमध्ये (जिंकणारा वरच्या श्रेणीत जाणार) ८७व्या मिनिटाला ०-२ झालं, तेव्हा त्यांचे काही लोक उठून निघाले. मग हॉरलॉक आणि डिकोव्हने शेवटच्या क्षणी बरोबरी साधली आणि सिटी पेनल्टीवर जिंकली. निघून गेलेल्यांना प्रेम कमी होतं असं नाही, बघवत नव्हतं. उलट तिकीट काढून स्वतःच्याच खेळाडूला नव्वद मिनिटं शिव्या घालणाऱ्याबद्दल मला जास्त शंका येते.

आणि क्लबच समर्थकांना सोडून निघाला तर? २००२ मध्ये लंडनच्या विम्बल्डन या फुटबॉल क्लबला मिल्टन कीन्स या दुसऱ्याच शहरात जायची परवानगी मिळाली. समर्थकांनी एएफसी विम्बल्डन हा नवा क्लब काढला, विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या मैदानात ट्रायल घेऊन खेळाडू निवडले आणि नवव्या श्रेणीपासून सुरुवात केली. २०११ मध्ये ते फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे वरच्या चार श्रेणींत, पोचले. मित्रांना सांगा, सुरुवातीला त्यांच्याकडेही स्वतःचं स्टेडियम नव्हतं.