डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या सासूबाईंना थोडे दिवस दुसऱ्याकडं सोपवलं तर चालेल का? (सांगली)

चालेल काय, सोपवाच. आपल्याकडं लोक नावं ठेवतील म्हणून घरातली एकच बाई वर्षानुवर्षं रात्री जागते आणि शेवटी तीच आजारी पडते, फार वाईट वाटतं बघून. फक्त एकदम सेंटरला नेऊन सोडू नका, नवीन जागेत या पेशंटचा गोंधळ वाढतो, म्हणून आधी घरीच एखादी केअरटेकर ताई दोन तास ठेवा, तुम्ही समोर असतानाच, मग वेळ वाढवत न्या. तिला लिहून द्या, औषधं, कशाला घाबरतात, चहा कसा लागतो, आणि संध्याकाळी "मला घरी जायचंय" म्हणत उठल्या तर काय बोलायचं (हे नक्की लिहा, बऱ्याच जणांचा त्रास अंधार पडतानाच वाढतो). नणंद-दिरांनाही स्पष्ट सांगा, "एक रविवार आईंना सांभाळायची पाळी तुमची". माहितीसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन आहे, आणि तुमचं स्वतःचं मन थकलं असेल तर टेलिमानसला (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६ वर बोला, फुकट आहे.