रेडिएशनच्या विभागात मुलीनं करिअर करावं का?

ताई, तुमचं कागलहून आलेलं पत्र मिळालं. मुलगी बारावी सायन्सला आहे. मावशीच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या उपचारांसाठी ती सोबत कोल्हापूरला येत होती आणि आता रेडिओथेरपीतच काम करायचं म्हणते. रेडिएशनजवळ राहून तिला काही होईल का, आणि ज्या उपचारानं मावशीला एवढा त्रास झाला त्यातच पोरीनं का जावं, हे तुमचे दोन प्रश्न.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. लिनॅक, म्हणजे बाहेरून रेडिएशन देणारं मशीन, चालू केल्यावरच किरण सोडतं आणि तेव्हा खोलीत फक्त पेशंट असतो. मशीन चालवणारे टेक्नॉलॉजिस्ट जाड काँक्रीटच्या भिंतीबाहेर, कॅमेऱ्यासमोर बसतात. छातीवर टीएलडी बॅज असतो, अंगावर किती किरण पडले ते तो नोंदवतो, त्याची ठरावीक काळानं तपासणी होते. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (अंगावर पडलेले किरण मोजायचं माप) आहे, प्रत्यक्षातली नोंद सहसा त्याच्या पुष्कळ खाली राहते. गरोदरपण कळवलं की कामाची जागा बदलून देतात. लग्नाच्या आड येईल असं यात काही नाही.

दुसरा प्रश्न खरा महत्त्वाचा. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला साधारण पाच आठवड्यांत २५ वेळा बाहेरून रेडिएशन, आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध आणि मग ब्रेकीथेरपी, म्हणजे गाठीजवळ आतून रेडिएशन, असा क्रम असतो. हे सगळं आठ आठवड्यांच्या आत संपावं लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जुलाब, लघवीला जळजळ, थकवा सुरू होतो. इथेच घात होतो, कारण बाया मनानंच यायचं थांबवतात. खाडा पडत गेला की गाठ आटोक्यात यायची शक्यता कमी होते. डॉक्टर आठवड्यातून एकदा तपासतात, टेक्नॉलॉजिस्ट रोज भेटते. ‘काल किती वेळा जावं लागलं?’ हे तिनं विचारलं तर ओआरएस, गोळी, खाण्यातला बदल वेळेवर होतो.

आता लघवीची पिशवी, म्हणजे मूत्राशय, बघा. रोज आधी लघवी करून ठरलेलं पाणी, बऱ्याच ठिकाणी अर्धा लिटर, प्यायचं आणि अर्धा-पाऊण तास थांबायचं. पिशवी भरली की लहान आतडं वर सरकतं. राधानगरीची एसटी उशिरा आली, बाई घाईत टेबलावर झोपली, स्कॅनमध्ये पिशवी अर्धीच दिसली, तर तिला उतरवून पुन्हा पाणी पाजून थांबवायचं. बाहेर रांग कुरकुरते, तरी थांबवायचंच. नाहीतर आतडं किरणांत येतं आणि गर्भाशयही जागचं हललेलं असतं. ही नजर ज्या मुलीकडे आहे तीच या कामाला हवी.

या अचूकपणाचं फळ मोजलेलंही आहे. टाटा मेमोरियलच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्सर अभ्यासात, ऑपरेशननंतर रेडिएशन घेतलेल्या स्त्रियांत तीन वर्षांपर्यंत आतड्यांचा लक्षणीय त्रास जुन्या पद्धतीत ४२ टक्के, तर इमेज गायडेड आयएमआरटीत, म्हणजे रोज स्कॅन बघून किरण नेमके गाठीच्या जागी देण्याच्या पद्धतीत, २१ टक्के होता. आता काही पेशंटना सोबत इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागवणारं औषध, हेही देतात. पण किरणांचं काम त्यानं संपत नाही.

मावशीला वर्षानंतर शौचातून रक्त जातं म्हणता. मूळव्याध समजून घरगुती औषध करू नका. उपचार जिथे झाले तिथेच दाखवा, आणि दुर्बिणीनं तपासायचं ठरलं तर रेडिएशन झाल्याचं आधी सांगा. किरण लागलेल्या आतड्याच्या भिंतीचा तुकडा विनाकारण काढला तर जखम न भरण्याचा धोका असतो. रेडिएशननंतर योनिमार्ग आकसू शकतो, त्यासाठी डायलेटर, म्हणजे तो मोकळा ठेवणारी गुळगुळीत कांडी, वापरायचा असतो. हे पुष्कळ जणींना कुणी सांगतच नाही. स्त्री टेक्नॉलॉजिस्ट आणि नर्स हे निःसंकोच बोलू शकतात.

वाटा तीन आहेत. बारावीनंतर रेडिओथेरपी टेक्नॉलॉजीची बी.एस्सी., इंटर्नशिप धरून साधारण चार वर्षं. गणित-फिजिक्स आवडत असेल तर शिवाजी विद्यापीठातून फिजिक्सची एम.एस्सी. आणि पुढे रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा करून मेडिकल फिजिसिस्ट. डॉक्टर व्हायचं तर नीट, एमबीबीएस आणि मग रेडिएशन ऑन्कॉलॉजीत एमडी. तुम्ही तिच्याबद्दल लिहिलेल्या ओळींवरून मला पहिली वाट जवळची वाटते, पण फिजिक्सचे मार्क बघून ठरवा.

प्रवेशाआधी कॉलेजला तीन गोष्टी विचारा: कोर्स अणुऊर्जा नियामक मंडळाच्या पात्रतेत बसतो का, प्रशिक्षणाच्या हॉस्पिटलात लिनॅक आणि ब्रेकीथेरपी दोन्ही आहे का, आणि विद्यार्थ्यांना मशीनवर हात लावू देतात की नुसतं उभं करतात. शेवटच्याचं उत्तर ऑफिसात नव्हे, शेवटच्या वर्षाच्या मुलींना विचारून घ्या.